आवाज गेला, तेव्हा

रंगमंचामागच्या अंधारात तिचा पाय वायरीत अडकला आणि ती थेट माईकवाल्याच्या अंगावरच जाऊन आदळली.

"सावकाश, मॅडम! पळायची शर्यत बाहेर मैदानावर असते."

"सॉरी…" ती कशीबशी म्हणाली.

त्यानं कोपराला धरून तिला सावरलं.

ती हायस्कूलची व्हॉलीबॉलची बाई. मैदानावर तिची हाक पार फाटकापर्यंत जायची; पण चार माणसांपुढं बोलायचं म्हटलं की ततपप. आज शाळेच्या खेळांसाठी झटणाऱ्यांचा सत्कार होता, आणि सत्कारमूर्तींबद्दल बोलायचं होतं तिला! सकाळी वहिनीनं केलेला उपमासुद्धा तिनं तसाच ठेवला होता.

"तुमचं ते यंत्र… मध्येच बंद पडतं का हो?"

"माझं? कधीच नाही."

"आज पडेल? मी कान धरला की?"

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून हसू आवरून म्हणाला, "पडेल. पण एका अटीवर… असं घाबरून बघायचं नाही माझ्याकडं. माझेच हात कापायला लागतात."

नाव पुकारलं गेलं. ती माईकपुढं जाऊन उभी राहिली. समोर खच्चून भरलेलं सभागृह. पहिलं वाक्य आठवेना, दुसरंही. कानशिलं तापली. तिनं कान धरला.

खट्! माईक मुका झाला.

कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात तिच्या संघातली एक पोरगी मागून ओरडली, "बाई, मैदानावर ओरडता तसं ओरडा की!"

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता घसा मोकळा झाला. मग ती बोलत सुटली. सामन्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून पोरींना टेम्पोतून नेणारे काका, घामेजलेले टीशर्ट घरी नेऊन धुणाऱ्या शिपाईमावशी, गुडघा निखळलेल्या पोरीला पाठीवर घेऊन दवाखान्यात धावलेले म्हातारे पंच. "जिंकतो आम्ही," ती म्हणाली, "पण उभं यांनी केलंय आम्हाला." मावशींनी पदरात तोंड लपवलं. टाळ्या थांबेनात.

ती धावतच मागं आली… आणि जागीच थबकली. हेडसर त्याला फैलावर घेत होते.

"ऐन कार्यक्रमात माईक बंद? आजपासून या शाळेचं काम बंद तुमचं!"

तो मान खाली घालून वायर गुंडाळत होता. तिच्या काळजात चर्र झालं. खरं सांगावं तर सर आपल्याला काय म्हणतील? नाही सांगावं तर… हा माणूस पुन्हा दिसायचाच नाही.

"सर, मी सांगितलं होतं त्यांना. भीती वाटत होती म्हणून. काय बोलायचं ते मला बोला."

हेडसरांनी आळीपाळीनं दोघांकडं पाहिलं. "बाई, तुम्हाला माईक हवाय कशाला?" म्हणत, डोकं हलवत ते निघून गेले.

"कशाला सांगितलंत?" तो हळूच म्हणाला. "मी ऐकून घेतलं असतं."

"तुम्ही घेतलं असतं… मला ऐकवत नव्हतं."

तो वायर गुंडाळायची विसरला.

"उद्या सकाळी सराव आहे मुलींचा," ती खाली बघत म्हणाली. "याल?"

"माईक घेऊन?"

"नको," ती म्हणाली, आणि या खेपेला तिनं नजर वर केली. "नुसतेच या."