शेडला वास का नव्हता

राजेश्वरीबाईंच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात अशील स्वतः येतात. समीक्षा येऊ शकत नव्हती. नवऱ्याने तिला पोल्ट्रीवरच्या खाद्याच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. लपवलेल्या मोबाइलवरून तिचा फोन आला, तशी राजेश्वरी तिच्या ड्रायव्हरला, गुंडाला, घेऊन आटपाडीकडे निघाली. गुंडा गाडी झकास चालवी. डोकं मात्र कायम पहिल्या गिअरमध्ये.

शेडपाशी त्याने नाकाला रुमाल लावला आणि लगेच काढला. "एवढ्या कोंबड्या, आन् वास कसा न्हाई?"

कोंबड्या मरगळल्या होत्या. खाद्याची भांडी भरलेलीच.

"बायकोनं कायतरी घातलंय," मल्हार गुरकावला. "दिवस गेल्यात, वास सोसत न्हाई. शेडचा वास मारायला खाद्यात घालायची पावडर आणली. मी बजावलं, पुडा उघडायचा न्हाई. आता कबूल करंल तवाच कडी निघंल."

समीक्षाने खिडकीच्या गजांतून पुडा पुढे केला. सील शाबूत होतं. "हे ऐकूनच घेत न्हाईत. आत जीव घुसमटतोय."

"पावडरीचं आणखी कुणाला सांगितलंस?"

"आत्याबाईंना, म्हंजे सासूबाईंना. पुड्यावर लिवलंय, पाण्यात साबणासारखा फेस येतो, तेच सांगितलं."

अंगणात समीक्षाच्या सासूबाई बयाबाई पाट्यावर काहीतरी वाटत शिंकत होत्या.

"सर्दी झाली?"

"व्हय," त्या खाली बघूनच म्हणाल्या.

"दोरीवरची घोंगडी छान धुतलीत."

"आमी रिठ्यानंच धुतो."

राजेश्वरीने भांड्यातलं खाद्य बाटलीत घालून, पाणी ओतून हलवलं. वर फेस जमला.

"मग पावडरच की!" गुंडा म्हणाला.

"सील कुठे फुटलंय? फेस आणणारं सॅपोनिन पावडरीत असतं, तसंच रिठ्यातही. चिमूटभराने वास कमी होतो. ओंजळीने घातलं की खाद्य कडू होतं, कोंबड्या तोंड लावत नाहीत. वास गेलाय, म्हणजे कुणीतरी घातलंच. आणि रिठ्याची पूड नाकात गेली की शिंका येतात. होय ना, बयाबाई?"

बयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरगी वकून वकून अर्धी झाली हुती. ह्यो पुडा उघडू देईना. म्हटलं, फेस येतोय तर रिठंच की हे. मीच वाटून खाद्यात घातलं."

"मग तिला कोंडलं तेव्हा गप्प का?"

"लेकाला भ्याले, बाई." त्यांना रडू आवरेना.

मल्हारने कडी काढली. "चुकलं माझं. घरात चल."

समीक्षा दारातच थांबली. "मी काय घातलं न्हाई, हे तुमास्नी बाटलीतल्या फेसावरनं कळलं. माझ्या तोंडावरनं कळाय पायजे हुतं. बाई, मला माहेरी सोडा."

गुंडाने पहिल्यांदाच न सांगता गाडीचं दार उघडलं. समीक्षा बसली. मागोमाग वाळलेली घोंगडी घेऊन बयाबाई येऊन बसल्या.

"आई, तू कुठं?" मल्हारने विचारलं.

"हिच्यासंगं," त्या म्हणाल्या. "आता न्हाई भ्यायची."