शेऱ्याचा रकाना

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर आमची टक्कर झाली. मी धावत खाली येत होते, तो दोन-दोन पायऱ्या घेत वर. माझ्या हातातली किल्ली उडाली, एक पायरी घरंगळली आणि त्याच्या बुटापाशी थांबली.

"तिसऱ्या मजल्याची ना?" त्याने ती उचलली.

"तुम्हाला काय करायचंय?"

"आजपासून दोन ते आठ माझी पाळी. मी तिचा मामेभाऊ. आणि तुम्ही... कात्रीबाई?"

कात्रीबाई मला जगात एकच व्यक्ती म्हणते. मास्तरीण. ती शाळेत भूगोल शिकवते, मी शाळांच्या गणवेशांचं कापड कापते. अकरा वर्षांची मैत्री. तिचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता – पूर्ण जाणार नाही, आटोक्यात ठेवता येईल. दर तीन आठवड्यांनी केमो, आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस घरात सतत कुणीतरी हवं. नऊ ते दोन मी. आठनंतर कामावरून परतलेली तिची आई. मधल्या वेळेला हा, शहर बसचा ड्रायव्हर, पहिली पाळी संपवून येणारा.

जादा किल्ली एकच होती. त्यामुळे रोज दोनच्या सुमारास जिन्यात भेट ठरलेली. एक मिनिटाची.

"चार मिनिटं उशीर," मी म्हणायचे.

"सिग्नल लागला."

"बस तुम्हीच चालवता ना?"

"बस चालवतो. सिग्नल नाही चालवत."

माझ्या एप्रनच्या एकाच खिशात किल्ली आणि कापडावर खुणा करायचा खडू. एकदा त्याने तळहात पुढे केला. मधोमध पांढरा डाग.

"ताई विचारते, तू कधीपासून शिकवायला लागलास?"

"धुवून टाका मग."

"धुतो... पण घाई कुठे आहे?"

मी उरलेल्या पायऱ्या जरा हळूच उतरले.

बाकीचं बोलणं वहीत. मास्तरणीने स्वतः आखलेले पाच रकाने – वेळ, ताप, गोळी, खाणं, शेरा. मी लिहिलं, 'सूप अर्धी वाटी. मास्तरीण चिडलेली आहे.' त्याने खाली लिहिलं, 'चिडलेली नव्हती. दोन वाजता कुणीतरी निघून जातं, त्याचं वाईट वाटतं. तिलाही.' दुसऱ्या दिवशी त्या 'तिलाही'खाली लाल शाईची रेघ होती आणि शेजारी मास्तरणीचं अक्षर : 'अवांतर लेखन. दोन गुण वजा.'

तिसऱ्या केमोनंतरच्या आठवड्यात त्याने शेऱ्यात लिहिलं, 'रविवारी मोकळ्या आहात का?'

दुसऱ्या दिवशी एक वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरणीचं डोकं ठणकत होतं म्हणून मी तिला गोळी दिली. ताप उतरवणारीच ती गोळी. आधी ताप मोजायचा, हे दवाखान्याच्या कागदावर ठळक छापलं होतं. मी मोजला नाही. गोळी वहीत मांडलीही नाही. मी शेऱ्याच्या रकान्यात उत्तर लिहीत होते. लिहिलं, खोडलं... पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. दोन वाजले. वही मिटून मी पळाले.

तीन वाजता त्याने ताप मोजला. काहीच नव्हता. गोळीने तो झाकला होता. पाचला मास्तरीण थंडीने कुडकुडू लागली. एकशे दोन.

माझा फोन वाजला तेव्हा मी बाह्या कापत होते.

"गोळी दिली होतीत?" त्याचा आवाज सपाट होता.

"हो. एक चाळीसला."

"डॉक्टरांना सांगतो." फोन बंद.

रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. केमोने प्रतिकारशक्ती खाली गेलेल्या माणसाला तो चार तासांत आडवा करू शकतो. मास्तरणीला पाच दिवस सलाइनमधून औषधं दिली, आणि ती उठून बसली.

त्यानंतर शेऱ्याचा रकाना कोरा राहिला. माझाही, त्याचाही. जिन्यात मी किल्ली कठड्यावर ठेवायचे, तो उचलायचा. किल्ली पुसलेली असायची.

चौथी केमो झाली. चौथ्या दिवशी, दोन वाजता, मास्तरणीने आतून हाक मारली, "कात्रीबाई, थांब. त्यालाही वर येऊ दे."

तो आला. आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना उभे. मांडीवर वही, हातात लाल पेन, डोक्याला रुमाल. तपासणीला बसलेली मास्तरीण.

"हे काय? पंधरा दिवस कोरे?"

"माझ्यामुळे तू..." मी म्हणाले.

"झाली चूक. मोठी झाली. एका चुकीची जन्मठेप?"

"मीही यांना विचारलं नाही, ताई," तो म्हणाला. "गोळीचा रकाना रिकामा दिसला. विचारायला हवं होतं. मी शेराच वाचत बसलो. खोडलेलं."

"म्हणजे दोघंही नापास. आणि आता ठरवलं असेल, आधी ही बरी होऊ दे, मग बघू. हो ना?"

आम्ही दोघंही वहीकडे बघू लागलो.

"मी बरी होणार नाही," ती म्हणाली, उद्या शाळेला सुट्टी आहे असं सांगावं तशी. "आटोक्यात राहीन. वर्ष, दोन वर्षं, नशीब जोरावर असेल तर आणखी. तेवढे दिवस तुमची सुतकी तोंडं बघू? अरे, तुमचे शेरे वाचायला मी सकाळी उठल्या उठल्या चष्मा शोधायचे. औषध चुकलं ते एकदा. हे तर रोज चुकवताय!"

मला हसू आलं आणि डोळे भरले. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिच्यासाठी उचललेला, दिला मला.

मास्तरणीने शेऱ्याच्या रकान्याआधी जाड लाल रेघ मारली.

"नियम. डावीकडचे चार रकाने भरल्याशिवाय रेघ ओलांडायची नाही. भरले की खुशाल ओलांडा. मी तपासणार आहे."

दुसऱ्या दिवशी दोनला दहा कमी असताना मी वही उघडली. वेळ. ताप. गोळी. खाणं. प्रत्येक आकड्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग रेघ ओलांडली. या वेळी काहीच खोडलं नाही.

जिन्याच्या वळणावर तो उभा होता. वेळेवर.

"ताप?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"गोळी?"

"उलटीची. बाराला."

"खाणं?"

"भात, एक वाटी. संपवला."

तो थांबला. "आणि... शेरा?"

मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. पुसलेली नव्हती.

"वर जाऊन वाच."

"वाच म्हणालात?"

"हो," मी म्हणाले. "वाच."

मी खाली निघाले. वर पावलं वाजली – आधी दोन-दोन पायऱ्या, मग तीन-तीन. दार उघडलं. पानं उलटल्याचा आवाज खालपर्यंत येणं शक्य नव्हतं, तरी मी थांबले.

आणि तिसऱ्या मजल्यावरून मास्तरणीचा खणखणीत आवाज आला, "मोठ्याने वाच रे, चष्मा सापडत नाहीये!"