यमुनाबाई सांगत होत्या...

ही गोष्ट खरी आहे.

माझं शिक्षण हिंदी शाळेत झालं, त्यामुळे लिहिताना चुका होतील, सांभाळून घ्या. पण एकही शब्द रचलेला नाही. रचायची असती तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

तारीख १९ नोव्हेंबर २०२३. रविवार. दुपारी चारच्या सुमारास. गाव धार.

मी अंबरीश. देवासला राहतो, खासगी डिटेक्टिव्ह आहे. बहुतेक कामं लग्नाआधीच्या चौकशीची. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, एवढंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये माझी बायको उर्वी गेली. मेंदूत रक्तस्राव. मी बदनावरला एका नवरदेवाच्या मागावर होतो. फोन सायलेंटवर होता. तिचे सात मिस्ड कॉल होते.

सात.

त्यानंतर मला एकाच माणसाने सांभाळलं. दुर्गाने. आम्ही कॉलेजला एका वर्गात होतो. ती धारला गणित शिकवते. मेलेल्या माणसाची रोजच्या वापरातली वस्तू हातात धरली की कधीकधी ते माणूस तिच्या तोंडून बोलतं. नंतर तिला काहीच आठवत नाही. म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग लावायचो.

असा दोन खुनांचा छडा आम्ही लावला होता. दुर्गा ऐकवायची, मी पुरावा शोधून पोलिसांना द्यायचो. तिचं नाव कुठेही आलं नाही.

तिसरं काम जयसिंगरावांनी आणलं. वय चौऱ्याहत्तर, धारचे जुने, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांची धाकटी बहीण यमुनाबाई धरमपुरीला राहायची. विधवा, मूलबाळ नाही. सोबत पुतण्या विपुल आणि त्याची बायको माधवी. महिन्यापूर्वी यमुनाबाई नर्मदेत सापडल्या. घाटावरून पाय घसरला, असं सगळे म्हणाले.

"आमची यमू पाण्याला फार भ्यायची," जयसिंगराव म्हणाले. "नर्मदाजयंतीलासुद्धा घाटाच्या पायऱ्या उतरायची नाही. तांब्यात पाणी आणून द्यावं लागे. ती आपल्या पायाने तिथवर गेलीच कशी, एवढं मला सांगा."

त्यांनी तिचा चष्मा आणला होता.

नात्यातलं माणूस समोर असलेलं दुर्गाला चालत नाही. म्हणून जयसिंगराव बाहेर ओट्यावर बसले. मी दार पुढे केलं.

त्या दिवशी वर्ल्ड कपची फायनल होती. घराघरातून कॉमेंट्री ऐकू येत होती. दुर्गाने चष्मा धरला आणि डोळे मिटले.

पाच मिनिटं काहीच नाही.

मग अख्खा मोहल्ला एकदम गप्प झाला...

नंतर कळलं की तेव्हा मोठी विकेट पडली होती. त्यामुळेच असेल.

असेल.

खोलीत ओल्या मातीचा वास आला. नदीकाठच्या गाळाचा. चष्म्याच्या काचा आतून धुरकट झाल्या... आणि एक थेंब दुर्गाच्या मांडीवर पडला.

"दादा बाहेर बसलाय ना?"

आवाज दुर्गाचा नव्हता. म्हातारा, सावकाश.

"त्याला आत आणू नका. त्याला सोसायचं नाही."

मी म्हणालो, "नाही आणत. तुम्ही सांगा. त्या दिवशी काय झालं?"

"सांगते..."

आणि तेवढ्यात मला त्या आवाजाच्या मागे कुणीतरी घसा खाकरल्याचा आवाज आला.

उर्वी फोनवर बोलण्याआधी तसंच खाकरायची.

मी खुर्चीतून उठलोच. "उर्वी?"

"आधी माझं ऐक, बाळा."

"उर्वी आहे का तिथे? बाई, तिला बोलवा. एकदाच."

"वेळ थोडा आहे रे. त्या घरात अजून एक जण आहे..."

कोण, हे मी विचारलं नाही. ज्याचा धंदाच 'कोण' विचारण्याचा आहे, त्याने विचारलं नाही.

मी दुर्गाचं मनगट धरलं. हलवलं. "तिला सांगा, फोन सायलेंटवर होता! मी मुद्दाम नाही केलं, तिला सांगा ना!" मी लहान मुलासारखा रडत होतो. किती वेळ, आठवत नाही.

थांबलो तेव्हा खोलीत काहीच नव्हतं. चष्मा कोरडा होता.

दुर्गाने डोळे उघडले. "आल्या का?"

मी तोंड पुसलं.

"नाही," म्हणालो. "कोणीच आलं नाही."

बाहेर जाऊन जयसिंगरावांनाही तेच सांगितलं. "काका, काही कळलं नाही."

ते उठले. माझ्यासमोर हात जोडले. "आपण कष्ट घेतलेत. तिचं नशीब."

तीस वर्षांनी मोठा माणूस माझे आभार मानून गेला.

मी मनात म्हणत होतो की पुढच्या रविवारी परत बसू. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. रेकॉर्डिंगही ऐकलं नाही. त्यात माझं रडणं होतं, ते ऐकायची लाज वाटत होती.

दोन डिसेंबरला सकाळी अकराला जयसिंगरावांचा फोन आला.

"माधवी गेली. त्याच घाटावर."

या वेळी एका नावाड्याने पाहिलं होतं. विपुल संध्याकाळपर्यंत सापडला आणि रात्री सगळं बोलला. घर काकूच्या नावावर होतं, ती ते त्याच्या नावावर करत नव्हती. त्याने तिला घाटावर ओढत नेलं, ते माधवीने पाहिलं. महिनाभर ती गप्प राहिली. मग म्हणायला लागली, मी जयसिंगरावांना सांगणार.

एकोणतीस वर्षांची होती.

हे कळलं तेव्हा मी गाडी चालवत होतो; ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि रेकॉर्डिंग लावलं.

कॉमेंट्री... शांतता... मग यमुनाबाई... मग मी. माझा हंबरडा.

आणि त्या हंबरड्याच्या खाली...

यमुनाबाईंचा आवाज थांबलेलाच नव्हता.

"विपुलने नेलं मला. माधवीने पाहिलंय. पोर चांगली आहे. दादाला सांग, तिला आजच तिथून घेऊन ये. तो तिलाही ठेवायचा नाही. ऐकतोयस ना, बाळा?"

वर माझं "उर्वी, उर्वी" चालूच.

"बाळा, ऐकतोयस ना?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग काहीच नाही.

त्या दिवशी खोलीत यातलं एक अक्षर माझ्या कानावर पडलं नव्हतं. शपथेवर सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी धारला गेलो. दुर्गाला सगळं सांगितलं आणि फोन दिला. तिने इअरफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं. परत एकदा ऐकलं.

"यात फक्त तू आहेस, अंबरीश," ती म्हणाली. "बाईंचा आवाज नाहीये."

"नीट ऐक. खाली आहे."

"नाहीये." तिने फोन टेबलावर ठेवला. "पण तू मला सांगितलंस, कोणी आलं नाही. मी ते खरं मानलं. मी दोन आठवडे आरामात झोपले रे."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चष्मा, कंगवा, कुणाचं काहीच आता ती हातात घेत नाही, असं ऐकलं.

तिथूनच मी जयसिंगरावांकडे गेलो. उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. ते मला मारतील, निदान हाकलतील, असं वाटलं होतं. तेच बरं झालं असतं.

त्यांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली.

"त्या दिवशी मी ओट्यावर होतो," ते म्हणाले. "तुमचं रडणं मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, आमच्या यमूसाठी रडताय. परका माणूस असून. म्हणून मी हात जोडले."



आता इतका काळ गेला. उर्वीचा आवाज पुन्हा कधी आला नाही. त्या दिवशी तरी आला होता का, तेही आता खात्रीने सांगता येत नाही.

पण गेल्या फेब्रुवारीपासून दुसरंच काही चालू आहे.

माझं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. दुपारी जेवून परत आलो की माझ्यासमोरची, लोकांना बसायची खुर्ची ओली असते. खाली फरशीवर गाळ... दोन पावलांएवढा. घरमालकाने प्लंबर आणला, छत तपासलं. प्लंबर म्हणाला, "भिया, ऊपर तो टंकी भी नहीं है."

ती माधवी आहे, असं मी धरून चाललोय. मी तिला कधी पाहिलेलंही नाही.

पहिल्यांदा मी पळालो होतो. आता पळत नाही. फोन बंद करतो, दार लावतो, समोर बसतो.

"सांगा," म्हणतो. "मी मध्ये बोलणार नाही."

कालही म्हटलं.

खुर्ची करकरली. बोलायला कुणी पुढे झुकावं, तशी... मी श्वास धरून बसलो.

मग ती पुन्हा करकरली. कुणी मागे टेकावं, तशी.

आणि मग नुसतं पाणी टपकत राहिलं.