मदतगाडी कपाटात जाणार नाही!

"थांब, थांब! हूक अजून बसला नाहीये!" भोपू बोंबलला.

"कळलं रे! बहिरी नाहीये मी!" चिमटीने क्रेनची कळ केसभर मागे घेतली.

मॉडेल रेल्वे क्लबच्या हॉलभर पसरलेल्या त्या छोट्या रेल्वेवर खिडकीजवळच्या वळणावर एक्सप्रेसचे तीन डबे आडवे झाले होते. शेजारच्या रुळावर उभी होती मुलांची पिवळीधमक मदतगाडी. पुढे इंजिन, मग हत्यारांचा डबा, मग पोटाखाली लोकरी पट्टी लावलेला रूळ पुसायचा डबा आणि शेवटी क्रेन. क्रेनचा हात मोडक्या छत्रीच्या काड्यांचा, दोर गुंडाळायला शिवणयंत्राची बॉबिन आणि तोल सांभाळायला मागे शिशाच्या गोळ्या. तिघांनी वर्षभर खपून ती बनवली होती. तिघं म्हणजे हातातला चिमटा जेवतानाही खाली न ठेवणारी चिमटी, भोंग्यासारख्या आवाजाचा भोपू आणि त्याचा धाकटा भाऊ चित्रगुप्त. कुणाचं काय चुकलं, कुठे नि किती वाजता, हे सगळं याच्या वहीत असायचंच!

डबा अलगद उचलला गेला आणि रुळावर टेकला.

"फत्ते!" भोपू ओरडला.

"कसलं डोंबलाचं फत्ते?" मागून आवाज आला. चिमटीचे काका! बाजारात त्यांचं घड्याळाचं दुकान होतं आणि क्लबचे चिटणीसही तेच. "आठवड्यातला हा सहावा अपघात! तुमच्या क्रेनचं हे धूड फिरतं, म्हणून रूळ वाकतात. उद्या चार वाजता प्रदर्शनाचं उद्घाटन आहे. खऱ्या रेल्वेच्या खऱ्या मदतगाडीच्या प्रमुख बाई येणार आहेत. त्यांच्यासमोर गाडी घसरली, तर नाक कापलं जाईल क्लबचं! ही गाडी कपाटात जाणार."

"पण काका..."

"पण नाही नि बिण नाही!"

चिमटीचा चेहरा पडला. बाईंना आपली क्रेन दाखवायची म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती. क्लबचे अध्यक्ष ड्रायव्हरआजोबा कोपऱ्यात सिग्नल रंगवत बसले होते. आयुष्यभर त्यांनी खरी इंजिनं चालवली होती. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्रेनचा दोष नाही असं वाटतं ना तुम्हाला? मग उद्या बारापर्यंत पुरावा आणा."

तिघं जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. चित्रगुप्ताने वही उघडली.

"पहिला अपघात, तीन चाळीस. दुसरा, चार दहा. तिसरा, तीन पंचावन्न..."

"सगळे तीननंतरचे!" चिमटी ताडकन उठली. "आणि जागा?"

"सहाही वेळा खिडकीजवळचं वळण. आणि ऐक, सहापैकी चार वेळा घसरायच्या आधी क्रेन शेडमधून हललीच नव्हती!"

"वा रे न्याय!" भोपू भडकला. "पडलेल्यांना उचलायला गेलो, तर आपणच पाडणारे ठरलो!"

"तीन वाजता त्या वळणावर काय येतं?" चिमटी स्वतःशीच पुटपुटली. मग तिने कपाळावर हात मारला. "ऊन! पश्चिमेची खिडकी आहे ती! उन्हाने रूळ तापून लांब होतात, म्हणून तर सांध्यात फट ठेवायची असते. आपण पोस्टकार्ड जाईल एवढी ठेवली होती!"

तिघं धावत हॉलमध्ये आले. चिमटीने पहिल्या सांध्यावर पोस्टकार्ड टेकवलं. जाईना! दुसऱ्यातही जाईना. तिने भिंग धरून पाहिलं. फटीत कुणीतरी कथील वितळवून भरलं होतं आणि वरून घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की सांधा कुठे आहे हेही कळत नव्हतं.

"इतकं सुबक काम कुणी केलं असेल?" चित्रगुप्ताने विचारलं.

चिमटीने भिंग खाली ठेवलं. असा हात अख्ख्या बाजारात एकाच माणसाचा होता. "माझ्या काकांनी," ती हळूच म्हणाली. "फटीवरून जाताना होणारी गाडीची खटखट त्यांना सहन होत नाही. घरात नळ ठिबकला तरी त्यांना झोप लागत नाही."

"मेलो! आता त्यांना सांगणार कोण?" भोपू म्हणाला.

"सांगायचं नाही," चिमटी म्हणाली. "दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका खुशीत होते. "बघा, वीस फेऱ्या झाल्या! एक तरी डबा घसरला? का? तर क्रेन शेडमध्ये आहे!"

"काका, अजून पाच मिनिटं थांबा," चिमटी म्हणाली आणि तिने पिशवीतून मावशीच्या पार्लरमधला हेअर ड्रायर काढला.

"हे काय? रुळांचे केस वाळवणार की काय?"

"नाही काका. तीन वाजताचं ऊन आणलंय!"

ड्रायव्हरआजोबा सिग्नल सोडून जवळ आले. गरम हवेचा झोत वळणावरून फिरू लागला. एक मिनिट, दोन मिनिटं... काका हसत होते. चौथ्या मिनिटाला 'टक्' असा आवाज झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रूळ खालच्या आडव्या पट्ट्यांसकट बाहेर फुगला. चित्रगुप्ताने एक्सप्रेस सोडली. ती ऐटीत वळणावर आली आणि धाडकन आडवी झाली!

"क्रेन कुठे होती हो तेव्हा?" भोपूने विचारलं, आणि आवाज अर्थातच पार रस्त्यापर्यंत गेला.

काका वाकून सांधा बघत राहिले. "फट म्हणजे कामात कसर, असं वाटलं मला," ते अखेर म्हणाले. "घड्याळात अशी फट चालत नाही गं."

"रेल्वेत लागते काका," चिमटी म्हणाली. तिला काकांची एकदम दया आली.

"मग बघत काय उभे राहिलात?" ड्रायव्हरआजोबा गरजले. "चारला पाहुणे येतायत!"

काकांनीच दुकानातून केसासारखी बारीक करवत आणली. ते एकेक सांधा कापत गेले. चिमटी प्रत्येक फटीत पोस्टकार्ड घालून बघत होती. रुळांतून गाडीला मिळणारी वीज तुटू नये म्हणून चित्रगुप्त फटीच्या दोन्ही बाजूंना जोडायला तारेचे तुकडे काकांच्या हातात देत होता. तीन वाजता ऊन आलं. रूळ तापले, पण जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात भोपू ओरडला, "बोगदा!"

करवतीने कापताना उडालेली कथलाची भुकटी वळणापुढच्या बोगद्यात जाऊन पडली होती. रुळावर अशी कचकच असेल, तर एक्सप्रेस आतच अडकणार! आणि बोगद्यात हात तर जात नव्हता.

काकांनी चिमटीकडे पाहिलं. "तुमचा तो पुसायचा डबा... जाईल का आत?"

"जाईल म्हणजे काय, त्यासाठीच तर बनवलाय!"

तेवढ्यात दारातून पाहुणे यायला लागले. प्रमुख बाई पुढेच होत्या. काका घाईघाईने म्हणाले, "बाई, थोडं काम राहिलंय. एक्सप्रेस जरा मागाहून..."

"बरोबरच आहे!" बाई म्हणाल्या. "दुरुस्त केलेल्या रुळावरून आमच्याकडेही आधी कामाचीच गाडी जाते. कुठाय ती?"

काकांनी कंट्रोल उचलला आणि सगळ्यांसमोर चिमटीच्या हातात दिला. "रूळ बिघडवले मी आणि दोष दिला पोरांच्या गाडीला," ते मोठ्याने म्हणाले. "खरी चूक या तिघांनी शोधून काढली. पहिली फेरी त्यांची!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. चिमटीने कळ फिरवली. पिवळी गाडी वळणावरून डुलत गेली आणि बोगद्यात शिरली. ती पलीकडून बाहेर पडली, तेव्हा पट्टी काळीकुट्ट झाली होती आणि मागचे रूळ लखलखत होते. मग एक्सप्रेस सुटली आणि न अडखळता दहा फेऱ्या मारून आली.

"म्हणजे आज क्रेनला काहीच काम नाही?" भोपू हिरमुसला.

बाई खो खो हसल्या. "अरे, आमच्या क्रेनला काम नसतं, तोच आमचा सगळ्यात चांगला दिवस!" मग त्या खाली वाकल्या, बॉबिन बोटाने हळूच फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही कुणी बनवली?"

"आम्ही!" तिघं एकदम ओरडले. काकाही त्यांच्यामागे मान ताठ करून उभे होते.