पुढची गाडी

लाईट येईपर्यंत सांगतो. लुंबिनी, तो मोबाईलचा उजेड बंद कर. आणि विनय, दात काढू नकोस, यातला सुधन्वा माझ्या अंगाखांद्यावर खेळलेला आहे. इथे दिल्लीतच, कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये त्याचे वडील स्वयंपाकी होते, मी ड्रायव्हर. थोरला गुणवंत, मधली रेवती, धाकटा सुधन्वा. बाप गेला आणि दोघे भाऊ गाड्या चोरायला लागले. बघता बघता हाताखाली पंधरा माणसं आली, टोळीच झाली. मी तोंडावर शिव्या घातल्या. नुसते हसले गाढव.

त्यांची एक रीत होती. चोरीची गाडी एकटी न्यायची नाही. पुढे कागदपत्रांची साधी गाडी, तिच्यात सुधन्वा. मागे चोरीची, तिच्यात गुणवंत. पोलीस दिसले की सुधन्वाने तीनदा ब्रेक दाबायचा, रस्ता साफ असेल तर दोनदा. मागच्याने रस्ता बघायचाच नाही, फक्त पुढचे लाल दिवे बघायचे. इतका भरवसा.

धाकट्याला मात्र वाटायचं, दादा आपल्याला नुसता वाटाड्या करून ठेवतो. पकडला गेला तर मागचाच जाणार, म्हणून दादा मागे बसतो, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. दुसऱ्या टोळीने त्याला दादाची जागा देऊ केली. आणि एका रात्री, गुडगाव-फरिदाबाद रोडवर, पुढे त्या टोळीची माणसं दबा धरून बसल्येत हे ठाऊक असताना, त्याने ब्रेक दोनदा दाबला.

गुणवंतला त्यांनी मारून अरवलीच्या डोंगरातल्या एका बंद खाणीत पुरलं. रेवतीला सुधन्वाने सांगितलं, दादा नेपाळला लपलाय.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, तीन नोव्हेंबर दोन हजार चोवीस, रविवार, भाऊबीज. सुधन्वा गुडगावहून फरिदाबादला बहिणीकडे निघाला. आज ताईला सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच निघाला होता. झोप उडाली होती त्याची.

रेवतीने दोन पाट मांडले होते. पाट म्हणजे बसायची लाकडी फळी, दिल्लीकरांनो! एकावर हा बसला. तिने याला ओवाळलं, मग दुसऱ्या रिकाम्या पाटालाही ओवाळलं.

"दादाचा काही फोन, सुधन्वा?"

"येईल, ताई."

एवढंच निघालं तोंडातून. नेभळट! जेवला, हात धुतले आणि साडेअकराला परत निघाला.

धुरकं असं दाटलेलं की बोनेट दिसेना. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मांगर गावाच्या पुढे त्याला समोर दोन लाल दिवे दिसले. बरं वाटलं त्याला. सोबत झाली. त्याने वेग वाढवला, दिव्यांनीही वाढवला. कमी केला, त्यांनीही केला.

मग ते दिवे लुकलुकले. एकदा... दोनदा.

रस्ता साफ.

सुधन्वाने स्टिअरिंग घट्ट धरलं. ही खूण जगात दोघांनाच माहीत. एक तो. आणि दुसरा...

दिवे डावीकडे वळले. तोही वळला. चाकांखाली खडी लागली. त्याने रस्ता बघितलाच नाही. मागच्याने बघायचा नसतो.

पुन्हा दोनदा.

मग दिवे खाली गेले. खाली... आणि विझले.

ब्रेक दाबावासाच वाटला नाही, काका, असं तो म्हणाला मला. डोळे मिटून घेतले त्याने. एकदम हिसका बसला. गाडी थांबली. इंजिन बंद. डोळे उघडले तर पुढची चाकं खाणीच्या कडेवर.

त्याने रेवतीला फोन लावला. "ताई, दादा इथे आहे. खाली. मी... मीच."

ती मला घेऊन तिथे पोहोचली तेव्हा पावणेदोन झाले होते. मागोमाग पोलीस आले. पहाटे खाणीच्या तळाशी, ओल्या लाल मातीत गुणवंत सापडला. रेवती सुधन्वाच्या अंगावरून गेली, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजवर तुरुंगात भेटायला गेलेली नाही. मी जातो. दर वेळी तो एकच विचारतो, "दादाने मला थांबवलं का, काका? जाऊ द्यायचं होतं ना!" जन्मभर हेच विचारत बसणार आहे पोरगं. माझ्याच्याने बघवत नाही.

त्या पहाटे फौजदार मला म्हणाला, "आप ड्रायव्हर हो ना? गाडी पीछे लो." मी आत बसलो. हँडब्रेक करकचून ओढलेला. सुधन्वा शपथेवर सांगत होता, मी हात लावलेला नाही. त्याचे हात मी स्वतः बॅटरीच्या उजेडात पाहिले, कोरडे, स्वच्छ. पाऊस जाऊन महिना उलटला होता.

मी हँडब्रेक धरला. ओला लागला.

उजेड पाडला... लाल माती. ताजी. चार बोटं उमटलेली, डाव्या सीटच्या बाजूने.