तपकिरी नाकाचा तोतया

शुक्रवारच्या नमाजानंतर मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी खोसियातबाईंच्या अंगणात बसणार होती. सुनेला माहेरी धाडायचं की नाही, एवढं ठरवायला. आणि सगळं एका पक्ष्यावरून.

ती सून, सार्विनोज, त्याच दिवशी सकाळी आठला ओयदिनच्या दारात उभी राहिली. कडेवर सात महिन्यांची मुलगी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"आपा, मी पक्षी विकला नाही," ती उंबऱ्यावरूनच म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही. सगळे मला सांगतातच."

"आत ये. मी विचारते," ओयदिन म्हणाली.

तोल्किनचा नानचा तुकडा चहात बुडून विरघळला. निवृत्त बसवाला तो. गेली नऊ वर्षं आपल्या छोट्या व्हॅनमधून ओयदिनला लोकांच्या भानगडींपर्यंत नेऊन सोडायचा. ओयदिनची अकरा वर्षं कोंबड्यांच्या फार्मवर गेली होती, एका दिवसाच्या पिलांमधले नर-माद्या वेगळे करण्यात. आता ती खरं-खोटं वेगळं करून द्यायची, अन् ताश्कंदच्या जुन्या शहरात तिला गिऱ्हाइकांची वानवा नव्हती.

सार्विनोजने सांगितलं ते असं.

घरात बजरीगरांची, म्हणजे चिमुकल्या पोपटांची, जोडी होती. नर हिरवा, मादी पांढरी. सासऱ्यांनी चार वर्षांपूर्वी पक्षीबाजारातल्या कुद्रतकडून आणलेली. हिरवा बोलायचा, तेही हुबेहूब सासऱ्यांच्या आवाजात: "खोसियात, दार लाव, थंडी येते." सासरे वारले, पण आवाज पिंजऱ्यात राहिला. सासूबाई रोज संध्याकाळी तो ऐकायच्या आणि खरोखर दार लावायच्या.

उन्हाळ्याच्या शेवटी त्या आजारी बहिणीकडे फर्गान्याला गेल्या. दीड महिन्याने परतल्या तर हिरवा मुका. आणि त्याचं नाक, म्हणजे चोचीवरची मऊ गादी, निळीची तपकिरी झालेली. त्यांनी पक्षी बुटांच्या खोक्यात घालून कुद्रतला दाखवला. कुद्रत म्हणाला, निळं नाक नराचं, तपकिरी मादीचं. पक्षी बदललाय.

"घरात होतं कोण?" ओयदिनने विचारलं.

"मी. आणि नणंद. ती सकाळी शिवणकारखान्यात जाते ती अंधार पडल्यावरच येते."

"नाक बदलतंय हे तुला दिसलं नाही?"

"रोज पाहिलं की कुठे दिसतं, आपा? मळलंय वाटलं. तो नुसता बसून असायचा. शेवटी शेवटी तर पांढरीच त्याला चोचीतून भरवायची."

ओयदिनने पेला खाली ठेवला. "नवरा काय म्हणतो?"

"तो रशियात आहे, बांधकामावर. फोनवर म्हणाला, आई सांगेल तसं."

तोल्किन किल्ली शोधायला उठला. त्याची स्वतःची लेक दोन वर्षांपूर्वी अशीच परत आली होती. लग्नात तिला दिलेल्या आणि तिच्याबरोबरच परत आलेल्या गाद्या अजून दोरीने बांधलेल्याच होत्या. त्या सोडायला कुणाचा हात धजत नव्हता.

पक्षीबाजार, सव्वानऊ

कुद्रतपुढे एक गिऱ्हाईक होतं. त्याला पांढरी मादी हवी होती. कुद्रतने पिंजऱ्यात बोट घातलं. एका पक्ष्याने हळूच कुरतडलं; कुद्रतने तो सोडला. दुसऱ्याने असा कडकडून चावा घेतला की कुद्रतच्या तोंडून शिवी गेली. "ही घ्या, मादी!"

तोल्किन हसला. "माझी बायकोही तशीच ओळखू येते."

ओयदिन हसली नाही. "कुद्रत-अका, खोसियातबाईंचा पक्षी तुम्ही पाहिलात?"

"पाहिला. तपकिरी नाक, म्हणजे मादी. तीस वर्षं हेच करतोय, बाई. नाक खोटं बोलत नाही."

"जोडी तुम्हीच विकली होती?"

"शंभर जोड्या विकतो."

"आणि त्या जोडीतल्या पांढरीचं नाक कसं होतं?"

"गुलाबी असतं पांढऱ्यांचं." त्याने दाण्यांचं पोतं उघडून पुन्हा बांधलं. "नमाजानंतर मलाही बोलावलंय साक्षीला. तेव्हा बोलू."

"अंडी घातली का हो त्या पांढरीने कधी?"

कुद्रतला नेमकं तेव्हाच पलीकडच्या दुकानातून बोलावणं आलं. निदान तो तसं म्हणाला. तोल्किनला हाक ऐकू आली नव्हती.

अंगण, साडेदहा

सार्विनोजच्या गाद्या दाराशी बांधून ठेवल्या होत्या. तोल्किनने नजर वळवली.

खोसियातबाई डाळिंबं सोलत होत्या. थांबल्या नाहीत.

"तुम्ही तिच्याकडून आलात ना? या, बसा. चहा घ्या. माझा माणूस दोनदा गेला, एवढंच सांगा तिला. एकदा देवाने नेला, एकदा तिने."

"विकून तिला काय मिळणार होतं, खोला?" मावशीला म्हणावं तसं 'खोला' म्हणत ओयदिनने विचारलं.

"मिळायला कशाला हवं? तिला माझा उंबरा टोचतो."

"मग तो तपकिरी नाकाचा कुठे आहे?"

"कोठीच्या खोलीत. त्या तोतयाला मी माझ्या पांढरीशेजारी बसू देईन? वीस दिवस झाले."

नणंद मुअत्तर खिडकीतून म्हणाली, "त्यापेक्षा एकत्र ठेवलेले बरे होते! एक ओसरीतून ओरडतो, दुसरा कोठीतून. एकसारखंच, टिर्र-टुक, टिर्र-टुक. डोकं उठतं नुसतं. पांढरी तर दाणाही टिपत नाही."

"तुम्हाला काय वाटतं? पक्षी कुणी बदलला?"

"मला काय ठाऊक? वहिनी गेली तर मुलीचं दूध गरम करायला मीच उरते. एवढं वाटतं."

तोल्किन ओयदिनच्या कानाशी लागला. "हीच असणार. बोलणं किती थंड आहे बघा."

"थंड आहे, पण खरं आहे. चला कोठीत."

कोठीत हिरवा एका पायावर बसला होता. दुसऱ्या पायाची बोटं सैल लोंबत होती. दांडी सफरचंदाच्या फांदीची, सालीसकट शाबूत. खाली वर्तमानपत्र, त्याच्या कडाही सरळ. ओसरीतल्या पांढरीच्या पिंजऱ्यात सासऱ्यांनी लाकडी झोपाळा सुतळीने टांगला होता. चार वर्षं जुना. सुतळीचा एक धागाही तुटला नव्हता.

ओयदिनने पांढरीपुढे बोट धरलं. तिने ते हलकेच कुरतडलं.

बघता बघता दुपार झाली; दूरच्या मशिदीतून अजान सुरू झाली. तोल्किनने घड्याळ पाहिलं.

"काही सापडलं?"

"सापडलं," ओयदिन म्हणाली. "पण ते सांगताना मला आनंद होणार नाही."

अंगण, दोन

पाच म्हातारे, कुद्रत, आणि खांबाला टेकून सार्विनोज. मुलगी तिची वेणी चोखत होती.

"पक्षी कुणीही बदललेला नाही," ओयदिन म्हणाली. "हा तोच आहे."

खोसियातबाई हसल्या, अगदी कोरडं. "नाक बदललं की माझे डोळे बदलले?"

"नाक बदललं. माद्यांचा एक स्वभाव असतो, खोला. त्या लाकूड, कागद, सुतळी काही शिल्लक ठेवत नाहीत. कोठीतली फांदी वीस दिवस अभंग आहे. हा मादी नाही."

"आणि माझी पांढरी? तिनेही काही कुरतडलेलं नाही!"

"कारण तीही मादी नाही."

म्हाताऱ्यांत कुजबुज झाली. एकजण म्हणाला, "मग चार वर्षं भरवाभरवी कसली चालली होती?"

"मैत्री, आजोबा. दोन नरही असे जडतात. एकमेकांचं डोकं खाजवतात, चोचीतून घास देतात. नर-मादीच्या जोडीत भरवणारा बहुधा नर असतो. इथे पांढरी त्याला भरवत होती, हे सार्विनोजने सकाळी सांगितलं तेव्हाच मला शंका आली. चार वर्षांत कधी अंडं दिसलं, खोला? नाही ना. आणि पांढऱ्या नराचं नाक निळं होतच नाही, जन्मभर गुलाबी राहतं. कुद्रत-अकांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून पांढऱ्यांच्या बाबतीत ते नाक बघत नाहीत, बोट चावून घेतात."

तोल्किनने कपाळावर हात मारला. हे त्याच्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि तो हसला होता.

"दोन नर जोडी म्हणून विकले गेले. आता कुद्रत-अकांना 'नाक फसवतं' असं म्हणायची सोय राहिली नाही. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न पांढऱ्याचा आला असता."

कुद्रत जमिनीकडे बघत होता. "बाजारात माझं नाव आहे, आपा. पोरीला घराबाहेर काढतील हे मला काय माहीत?"

"गाद्या दारातच आहेत. येताना ओलांडल्यात तुम्ही."

"पण तोच कशावरून?" खोसियातबाईंचा आवाज चिरकला. "नर आहे म्हणता. दुसरा नर आणला असेल!"

"त्यांची हाक. सोबत राहणारे पक्षी हळूहळू एकच हाक शिकतात. ती त्या दोघांचीच असते. मुअत्तर वीस दिवस ती ऐकून वैतागली आहे. अनोळखी पक्षी भिंतीपलीकडून ती हाक लगेच कुठून आणेल?"

कोठीतून टिर्र-टुक आलं. ओसरीतून टिर्र-टुक गेलं.

"मग नाक?" खोसियातबाईंनी विचारलं. प्रश्न आता भांडणाचा उरला नव्हता.

"म्हाताऱ्या नराच्या पोटात गाठ वाढली की नाक असं तपकिरी होतं. गाठ आत नस दाबते, म्हणून पाय लुळा पडतो. म्हणूनच तो बोलत नाही. औषध मला माहीत नाही. थोडे दिवस आहेत, खोला. आणि त्यातले वीस तो अंधारात बसला."

खोसियातबाई उठल्या. कोठीचं दार उघडून त्यांनी पिंजरा बाहेर आणला, पांढऱ्याच्या पिंजऱ्याला टेकवून दोन्ही दारं उघडली. पांढरा धडपडत पलीकडे शिरला. हिरव्याची मान खाजवू लागला, मग कोपऱ्यातला दाणा फोडून त्याच्या चोचीत घातला.

सर्वांत म्हातारा खाकरला. "झालं तर. सूनबाई, गाद्या आत ने. विषय संपला."

सार्विनोज खांबापासून हलली नाही.

"मी नेणार नाही," ती म्हणाली. "मी चोर आहे हे तुमच्या पाच जणांत ठरलं नव्हतं, आजोबा. आईंनी ते अख्ख्या गल्लीत सांगितलंय. मला नानवाली सुट्टे पैसे हातात देत नाही, ओट्यावर ठेवते. माझ्या मुलीच्या पाळण्यापाशी कुणी येत नाही. इथे अंगणात संपून चालणार नाही."

तोल्किन दाराकडे सरकला. आता म्हातारी भडकणार, गाद्यांवर लाथ मारणार, आणि व्हॅनमध्ये त्या त्यालाच चढवाव्या लागणार. त्याला आपल्या लेकीचा चेहरा आठवला; तिने असं काही म्हटलं नव्हतं, आणि म्हणायला त्यानेही सांगितलं नव्हतं.

खोसियातबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग डाळिंबाच्या रसाने लाल झालेले हात झग्याला पुसले, डोक्यावरचा रुमाल नीट बांधला आणि गाद्यांना वळसा घालून बाहेर पडल्या.

अंगणात कुणी चहाचा पेलाही उचलला नाही. शेजारचं लोखंडी फाटक वाजलं.

"कोण? खोसियात? आत ये ना."

"येत नाही. उभ्याउभ्याच सांगायचंय. माझी सून चोर नाही. मी खोटं बोलले."

मग पावलं. मग पुढचं फाटक.

चौथ्या फाटकावर त्यांचा आवाज फुटला, पण वाक्य पुरं झालं. सार्विनोजने मुलगी तोल्किनच्या हातात दिली, वाकली आणि पहिल्या गादीची गाठ सोडू लागली.