सहाशे पोती शेंगदाणे

गोजरबाईंनी डबा उघडला आणि सिद्धलिंगने खुर्ची मागे सरकवली. शेंगा चटणीला खवट वास येत होता.

"ही खाऊन वसतिगृहाच्या अकरा मुली ओकल्या," गोजरबाई म्हणाल्या. "उद्या माझा चटणीचा ठेका तोडणार. उदयसिंह शेठ म्हंतो, दाणे मीच घरात साठवून सडवले. सोमवारी त्याच्याकडनंच दोन पोती आणती, शनवारी रिकामी. साठवू कुटं?"

खासगी गुप्तहेर श्रीदेवीने नाकाला रुमाल लावला आणि मदतनीस सिद्धलिंगला घेऊन थेट शेठचं गोदाम गाठलं. तिथल्या पोत्यात हात घातला, तर दाण्यांना जाळी, बोटांवर वळवळती अळी.

"एखादं पोतं असतं असं," घाऊक व्यापारी उदयसिंह निवांत म्हणाला. "ताळेबंद बघा. वर्षात साठ लाखांचा माल गेला, खरेदीच्या भावानं. अखेरची शिल्लक पाच लाख. माल बारा वेळा फिरला. माझ्याकडं दाणा महिन्यावर टिकत नाही."

"गणित पक्कं आहे की," सिद्धलिंग पुटपुटला.

श्रीदेवीने ताळेबंदासोबतची खर्चाची वही चाळली आणि ती मुनीम सोमशेखरकडे वळली. "एकतीस मार्चला किती पोती होती?"

"शंभर. मीच मोजली."

"नंतरची खरेदी?"

"आज दहा एप्रिल. भाव उतरेपर्यंत बंदच."

"आणि मार्चच्या खर्चात मैंदर्गीच्या पत्र्याच्या शेडचं भाडं?"

सोमशेखरने शेठकडे पाहिलं. तेवढ्यात सिद्धलिंग गोदामातला माल मोजून शिंकत आला. "दहा थप्प्या, प्रत्येकी साठ पोती."

श्रीदेवीने गोजरबाईंनाही तिथंच बोलावून घेतलं.

"शंभर पोती, खरेदी शून्य, आज सहाशे. दहा दिवसांत पोत्यांना पिल्लं झाली का? शेठ, शिल्लक एकाच दिवसाची धरतात, म्हणून पाचशे पोती तेवढ्यापुरती मैंदर्गीला लपवली. माल झटपट फिरतो असं दिसलं की कर्ज देणारी बँक खूश. खरा साठा तीस लाखांचा. साठ भागिले तीस, म्हणजे माल वर्षात दोनदाच फिरतो. दाणा सहा महिने कुजतो, वर पत्र्याखाली तापतो. आणि या बाईंचा माल दर आठवड्याला संपतो, वर्षात बावन्न वेळा. त्यांच्या घरी सडायला वेळ कुठला?"

"बरं, दोन ताजी पोती देतो," उदयसिंह म्हणाला.

सिद्धलिंगला त्या चेहऱ्याची अळीपेक्षा जास्त किळस आली.

"पोती ऱ्हाऊ द्या," गोजरबाई म्हणाल्या. "वसतिगृहाच्या बाईला फोन लावा. दाणा कुणाचा व्हता ते सांगा."

शेठने फोन लावला. "दाणा... माझ्याकडचा होता."

"लई हळू बोलताय शेठ," गोजरबाई म्हणाल्या. "परत सांगा."

त्याने परत सांगितलं.